एक बोट सैल

सगीराला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिनं मला श्वास सोडायला सांगितलं तेव्हा.

तशी ती येता-जाता दिसायची. जयसिंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतून बेगमपुऱ्याकडे निघालं की एका बोळाच्या तोंडाशी तिची खोली लागते. पाटी नाही. दाराला हिरवा पडदा आणि पडद्याआड मशीनचा आवाज, एवढ्यावर बायका बरोबर पोचतात. माझ्या निवृत्तीचा समारंभ जवळ आला होता, नव्या साडीवर ब्लाऊज शिवायचा होता आणि माझा नेहमीचा शिंपी गावी गेलेला. म्हणून मी कापड आणि मापाला एक जुना ब्लाऊज घेऊन तो पडदा बाजूला केला.

सडपातळ, पस्तिशीच्या आतबाहेरची बाई. गळ्यात टेप, डाव्या दंडावर टाचण्या खोचलेली कापडाची पट्टी. तिनं माझा जुना ब्लाऊज हातात घेतला आणि घडी न मोडताच बाजूला ठेवला.

"हा कधीचा?"

"झाली असतील चार-पाच वर्षं."

"मग हा त्या टायमाच्या बाईंचा. तुमचा नाय. उभं राहा इथं."

मी उभी राहिले. टेप जवळ आली की सगळ्या बायका करतात तेच केलं. पोट आत ओढलं आणि छाती भरून श्वास घेतला. ती टेप धरून नुसती थांबली.

"श्वास सोडा, बाई."

मी थोडा सोडला.

"अजून आहे आत. समारंभात काय श्वास रोखून बसणार व्हय तुम्ही? घरी भाजी निवडत बसता ना, तशा उभ्या राहा."

मला हसू आलं. हसण्याबरोबर श्वास गेला आणि तेवढ्यात तिनं माप घेतलं. टेप मिटवताना तिनं आत एक बोट सरकवलेलं मला जाणवलं. मी विचारलं तर म्हणाली, "एक बोट सैल ठेवते. तेवढ्यात माणूस हसतं, शिंकतं. जास्त ठेवलं तर पोतं होतं."

तो ब्लाऊज असा बसला की समारंभात माझ्या सहकारी बायकांनी भाषणांपेक्षा त्याचीच चौकशी जास्त केली. तेव्हापासून मी सगीराची झाले. मी तिला कधी शिकवलं नाही, पण ती मला बाईच म्हणते. पिशोरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकलेली मुलगी. मास्तरीण म्हटली की तिच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही. लग्न होऊन शहरात आली. नवरा फारूख शेंद्र्याच्या एका कारखान्यात आहे, मकई गेटाजवळून त्याला कंपनीची बस मिळते. मुलगी कहकशा अकरावीला.

सगीराला माणसांची अंगं लक्षात राहतात. एकदा माप घेता घेता म्हणाली, "बाई, तुमचा डावा खांदा खाली आहे. पर्स अडकवून अडकवून." मी म्हटलं, पर्स नव्हे, तपासायच्या वह्यांची पिशवी. "मग दोन्ही खांद्यांना बारी-बारी द्यायची होती," ती म्हणाली, आणि माझी डावी बाही तिनं उजवीपेक्षा किंचित वेगळी कापली. आरशात माझे खांदे सरळ दिसले, कित्येक वर्षांनी.

तिच्या दाराशी मी उगाचच जाऊन बसू लागले. निवृत्त माणसाला बसायला एक जागा लागते. ती शिवत असायची, मी काजं करून द्यायची, गल्लीतल्या बायका यायच्या-जायच्या. तिथं लग्नं जमायची, मोडायची, सुनांची तक्रार व्हायची आणि त्याच सुनांचे ब्लाऊज तिथंच शिवले जायचे.

दोन वर्षांमागं, रमजानच्या दिवसांत तिची अम्मी पिशोरला वारली. सगीरा पंधरवडाभर जाऊन आली, आल्या आल्या मशीनवर बसली. ईदचे कपडे अर्धे पडले होते. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही.

मग पुढल्या वर्षी, पाणी आलेल्या एका दिवशी, कहकशा धावत माझ्याकडे आली. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं. त्या दिवशी कुणी कुणाच्या घरी जात नाही. प्रत्येक बाई पिंप, घागरी, बादल्या यांच्यात असते. मी गेले तर सगीरा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली, दुपट्टा काढून फेकलेला, दोन्ही हात गळ्याशी. शेजारी बादली भरून वाहत होती आणि नळ तसाच चालू होता. पाणी मोरीत वाहून जाताना पाहूनही ती उठली नाही, तेव्हा मी समजले की हे साधं नाही.

"हवा नाय, बाई," ती म्हणाली. "हवा पुरंना."

रिक्षा करून आम्ही तिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जाताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिथं कार्डिओग्राम काढला, तो चांगला निघाला. पुढं फारूखनं रजा टाकून सगळं करून घेतलं: छातीचा फोटो, रक्त, थायरॉईड, हृदयाची सोनोग्राफी, फुग्यासारखं फुंकायची फुप्फुसांची तपासणी. कशातच काही सापडलं नाही. फारूखनं आनंदानं गल्लीत जिलेबी वाटली.

सगीरानं खाल्ली नाही. "काही सापडलं असतं तर गोळी तरी मिळाली असती," ती मला म्हणाली. "काहीच नाय, तर मग मला होतं ते काय होतं?"

ते पुन्हा पुन्हा होत राहिलं. कधी भाजी चिरताना, कधी रस्ता ओलांडताना, कधी नुसती बसली असताना. गल्लीनं आपापली निदानं केली. एकीनं पित्त सांगितलं. नणंदेनं नजर सांगितली आणि दर्ग्यावरून दम केलेलं, दुआ पढून फुंकलेलं पाणी आणून दिलं. तनुजाची आई, माझ्या समोरच्या घरातली, ती म्हणाली, "मनाचं आहे गं सगळं, कामात राहा." सगीरानं पाणी प्यायलं, जेवणात लिंबू कमी केलं आणि कामात तर ती होतीच. फारूख संध्याकाळी माझ्या ओट्याशी थांबून विचारायचा, "बाई, आज कैसी थी?" मी म्हणायची बरी होती. तो म्हणायचा, "मेरेकू तो बोलतीच नै. मैं घबराता ना, इसलिए."

तिच्या खोलीत बारीकसारीक गोष्टी बदलल्या. हिरवा पडदा कायमचा वर बांधला गेला. मशीन फिरवून तिनं दाराकडे तोंड केलं, उजेड उलट्या बाजूनं आला तरी चालेल म्हणत. दुपट्ट्याची टाचणी गेली. गळ्यातली टेप मनगटावर आली. तिथं ती जाडशा बांगडीसारखी गुंडाळून ठेवायची. पिशोरला जाणं तिनं सोडलं, कारण बसमध्ये मधल्या सीटवर बसायची वेळ आली तर काय.

आणि ब्लाऊज बिघडू लागले.

सुरुवातीला कुणी बोललं नाही. बायका शिवलेलं घेऊन जायच्या आणि गुपचूप टीव्ही सेंटरकडच्या दुसऱ्या शिंप्याकडून टिपा मारून आणायच्या. मग कुजबुज वाढली. खांद्यावरून उतरतो. काखेत चुण्या पडतात. तनुजाच्या आईनं तर तोंडावर सांगितलं, "सगीरा, अगं हा घालून मी हळदीकुंकवाला गेले तर बायका विचारायला लागल्या, बारीक झालात की काय. तेवढं एक बरं झालं." सगीरा हसली, पण त्या दिवशी दुपारनंतर मशीन चाललं नाही.

"हात गेला माझा," ती मला म्हणाली. "माप बरोबर घेते, कापते बरोबर, आणि होतंय भलतंच. श्वास तर गेलाच, त्याच्या मागं हात पण गेला."

त्याच सुमारास तनुजाचं लग्न ठरलं. ही पोरगी लहानपणापासून सगीराकडे फ्रॉक शिवून घेत आलेली. तिला 'सगीरा आपा' म्हणते. आईचा विचार ब्लाऊज निराला बाजारातल्या बुटिकात टाकायचा होता. तनुजा म्हणाली, आपा शिवतील, नाहीतर मी टी-शर्टवर शालू नेसेन. शेवटी आईनं शालूचा ब्लाऊजपीस आणून सगीराच्या टेबलावर ठेवला, ठेवताना मात्र बोट कापडावरच राहिलं. "बिघडला तर दुसरं कापड मिळायचं नाही, एवढंच सांगते."

ते कापड टेबलावर तसंच राहिलं. सगीरा त्याला शिवेना. मला म्हणाली, "हे परत देणार आहे, बाई. आणि फारूख म्हणतात तसं मशीन पण झाकून ठेवते. लोकांचं कापड नासवायचा मला काय हक्क?" ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली. मशीन थांबलं असतं तर ती दिवसभर त्या खोलीत दाराकडे तोंड करून स्वतःचा श्वास ऐकत बसली असती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक साधं सुती कापड घेऊन गेले. म्हटलं, मला याच्यातला एक शिवून दे, बिघडला तर घरात घालीन. तिनं नको-नको करत मनगटावरची टेप उलगडली. मी भाजी निवडत बसल्यासारखी उभी राहिले. टेप छातीभोवती आली, मिटली आणि मला तिची बोटं जाणवली. एक नव्हे. तीन.

"सगीरा," मी म्हटलं, "या ब्लाऊजात माझ्याबरोबर आणखी कोण-कोण बसणार आहे?"

ती खाली पाहायला लागली. स्वतःच्या हाताकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. टेपेत तीन बोटं आडवी शिरलेली होती. तिनं ती काढली, पुन्हा एकच घातलं, टेप मिटवली. आणि बघता बघता दुसरं बोट आपोआप आत सरकलं. तिनं टेप सोडून दिली आणि स्टुलावर बसली.

"तंग झालं की मला बघवत नाय, बाई," ती म्हणाली. "कुणाच्या पण अंगावर."

मग तिनं अम्मीचं सांगितलं. अम्मी साडी नेसायची. पिशोरात त्या वयाच्या सगळ्याच नेसायच्या. तिचे ब्लाऊज सगीराच शिवून पाठवायची. शेवटच्या थंडीत अम्मीनं फोनवर सांगितलं, ब्लाऊज तंग होतो, कोंडल्यासारखं होतं.

"मी म्हटलं, अम्मी, तू जाड झाली. एक शिलाई उसवून पाठवली. परत फोन आला, अजून तंग होतो. मी म्हटलं, भात कमी खा. दोघी हसलो. तिसऱ्या टायमाला मी म्हटलं, ईदची गर्दी आहे, ईद झाली की येऊन नवं माप घेते. नंतर डॉक्टर म्हणले, छातीत पाणी झालेलं होतं, किती दिवसांपासून. ती मला दम लागतो सांगत होती आणि मी शिलाई बघत होते."

बोळातून एक भाजीवाला ओरडत गेला. सगीराचे खांदे कानापर्यंत चढले होते. मी एवढंच विचारलं, "अम्मी डॉक्टरकडे गेली होती का, त्या थंडीत?"

"नाय. तिला वाटलं, ब्लाऊजच तंग आहे."

"म्हणजे तिलाही तसंच वाटलं."

ती रडली, चांगली मोकळी रडली. रडताना मात्र तिला दम लागला नाही. हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

"हे तू डॉक्टरांना सांगितलंस का?" मी विचारलं.

"त्यांना काय करायचं अम्मीच्या ब्लाऊजचं? त्यांनी विचारलं, छातीत दुखतं का. मी म्हटलं, नाय."

आम्ही पुन्हा घाटीत गेलो, या वेळी दोघीच. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, दोन वेण्या घातल्या तर शाळेत बसवाव्यात अशा. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ब्लाऊजचं सुद्धा. म्हणाल्या, "तपासण्या चांगल्या आल्या याचा अर्थ तुमचा त्रास खोटा आहे असा नाही. त्रास खराच आहे. घाबरलेलं माणूस श्वास घेतं, त्याच्यावर पुन्हा घेतं, आणि आधीचा सोडतच नाही. मग छाती भरलेली असूनही हवा पुरत नाही असं वाटतं. त्यानं आणखी घाबरायला होतं." मग त्यांनी सगीराला स्वतःच्या पोटावर हात ठेवायला सांगितला. "बघा, खांदे कसे चढलेत. आता घ्यायचं बघूच नका. आधी सोडा. गरम चहावर फुंकर घालतात तसा, सावकाश."

सगीरानं माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हे तर मी रोज बायकांना सांगते. माप घेताना."

"मग ऐकतात का त्या?"

"हसवल्याशिवाय नाय ऐकत."

त्यांनी तिला समुपदेशनाच्या खोलीचा रस्ता दाखवला, अधूनमधून यायला सांगितलं आणि पुढं वेगळं काही वाटलं, पाय सुजले, छातीत दुखलं, तर दुखणं मनाचं म्हणून घरी बसू नका, हेही बजावलं. ते मला आवडलं.

एका भेटीनं बरं वाटलं असं मात्र झालं नाही. त्याच आठवड्यात गुलमंडीत तिला इतकं झालं की एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर आम्ही बसून राहिलो. दुकानदारानं तिला पाणी दिलं आणि मला विचारलं, दिवस गेलेत का. सगीरा फुंकर घालतच होती, तिला मधेच हसायला आलं. "फारूखला सांगू नका, परत जिलेबी वाटतील," ती म्हणाली. थोड्या वेळानं ते गेलं. ते येतं तसं जातंही, हे तिला त्या पायरीवर पहिल्यांदा पटलं असावं, कारण उठल्यावर ती घराकडे वळली नाही. आधी अस्तराचं कापड घेतलं.

दोन दिवसांनी तिनं तनुजाला मापाला बोलावलं. मी काजं करायला म्हणून बसले होते. टेप पोरीच्या छातीभोवती फिरली. सगीराचं एक बोट आत गेलं. दुसरं पुढं आलं, टेपेच्या काठाशी थांबलं. तिनं सावकाश फुंकर घातली. तनुजाची बट उडाली.

"आपा, मला का फुंकताय?"

"धूळ होती," सगीरा म्हणाली, आणि माप घेतलं. एकच बोट.

ब्लाऊज कच्च्या धाग्यानं जोडून झाला तेव्हा तनुजा ट्रायलला सकाळी आली, लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून काही न खाता. सगीरानं तिला तशीच परत पाठवली. "जेवून ये. पोटभर. वरणभात, पोळी, सगळं. मग बघू." पोरगी दुपारी जेवून आली, बरोबर आई. सगीरानं तिला ब्लाऊज घालून जमिनीवर मांडी घालायला लावली, वाकायला लावलं, हात वर करायला लावले. मग म्हणाली, "गच्चीवर जाऊन ये."

"कशाला?"

"जा तर. वरून आवाज दे."

तनुजा जिना चढून गेली. सगीरा खाली चौकट धरून उभी, मान वर करून, चेहरा असा की परीक्षेचा निकाल लागतोय. वरून आवाज आला, "आपा, इथं वारा मस्त आहे."

"दम लागतोय का?"

"नाही. तुमच्या कुरडया वाळल्यात, खाऊ का एक?"

तनुजा तोंड हलवत खाली आली. "आता काय पळायला लावताय? मी काही लग्नातून पळून जाणार नाही."

"गेलीस तरी शिलाई उसवायची नाय," सगीरा म्हणाली.

तनुजाच्या आईनं मागून, पुढून, बाजूनं पाहिलं. मग सवयीनं म्हणाली, "पाठीत थोडा सैल वाटतोय का गं?"

"नाय," सगीरा म्हणाली.

तेवढंच. गेलं वर्षभर जिला प्रत्येक गिऱ्हाईक बरोबर वाटत होतं, तिच्या तोंडून तो एवढासा शब्द ऐकून मी सुईत दोरा ओवायचा थांबले. तनुजाच्या आईनं आणखी एकदा पाहिलं आणि कबूल केलं, "नाही, बरोबर आहे."

लग्न हर्सूलकडच्या एका मंगल कार्यालयात झालं. सगीरा आणि फारूख आले, दाराजवळ, जिथं वारा येत होता तिथल्या खुर्च्यांवर बसले. वरातीत तनुजा स्वतःच नाचली. तिच्या पाठीवर कुठं चुणी पडते का, हे बघत सगीरा अर्धा वेळ उभीच होती. फारूख मला म्हणाला, "बाई, लोक दुल्हन देख रहे, ये शिलाई देख रही."

पिशोरलाही ती आता जाऊन येते, खिडकीची जागा मिळेल अशी बस बघून. अम्मीचा तो ब्लाऊज तिनं तिथल्या पेटीतून आणला आणि स्वतःच्या कपड्यांत ठेवला; उसवलेल्या शिलाईला हात लावला नाही. महिन्यातून एखाद्या वेळी मशीन मधेच थांबतं, ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवते, खांदे सोडते आणि दाराकडे पाहत फुंकर घालते. आलेली गिऱ्हाइकं आता सवयीनं थांबतात. टेप अजून मनगटावरच असते.

आणि ट्रायल सगीरा दुपारच्या जेवणानंतरच घेते. रिकाम्या पोटी आलेलीला ती घरी पाठवते.